नाव लिहून घ्या, साहेब

"हॅलो, मेडिकल कॉलेज का? लातूरहून बोलायलोय. आमचं लेकरू अकरावीला हाय. आत्ताच नाव लिहून घेता का, साहेब?"

साहेब म्हणजे कार्यालयातला कारकून. तो भला माणूस असतो, नाव लिहून घेतो. कशावर, ते फोनमधून दिसत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, चहावाल्याच्या उधारीखाली. इकडे मात्र फोन ठेवताच घरात जाहीर होतं, "पुण्यात नाव गेलंय!" संध्याकाळी ही खबर उद्योग भवनाच्या ट्यूशन एरियात पोचते आणि रात्रीची जेवणं आटोपली की आणखी चार बाप कॉलेजांचे नंबर हुडकू लागतात. नांदेडात श्यामनगर-बाबानगरच्या क्लासबाहेर स्कूटीला टेकून उभ्या पालकांतही हल्ली टेस्टचे मार्क कुणी विचारत नाही. "तुम्ही कुठं कुठं सांगून ठेवलं?" हा पहिला प्रश्न.

ही अक्कल बहुधा न्यू जर्सीच्या मेहुण्याची. तिकडे प्रत्येक मेडिकल कॉलेज आपापले विद्यार्थी आपणच निवडतं. अर्ज, निबंध, मुलाखत, मग प्रतीक्षायादी. तिथं 'मला तुमच्याकडंच यायचंय' अशा पत्राला थोडीफार जागा असते. तिथलीही काही कॉलेजं असली पत्रं पाठवू नका म्हणून बजावतात, पण मेहुण्याने व्हिडिओ कॉलवर तेवढं सांगितलं नाही.

इथं काय आहे? नीट ही प्रवेश परीक्षा. 180 प्रश्न, 720 गुण, चुकलं की एक वजा. दोघांना सारखेच गुण पडले तर आधी जीवशास्त्र बघतात, मग रसायन, मग भौतिक. 'कोणाच्या बापाने आधी फोन केला' हा निकष अजून तरी आलेला नाही. सरकारी कॉलेजातल्या 15 टक्के जागा देशाच्या यादीतून भरतात आणि 85 टक्के राज्याच्या. खासगीतल्या ज्या 15 टक्के संस्थात्मक कोट्याकडं बाप डोळा लावून बसतो, त्यातल्या जागासुद्धा नीटच्याच गुणक्रमाने. फक्त फी ऐकून घाम फुटतो. कारकुनाच्या हाती यादी येते ती तयार होऊनच. त्यात त्याने पेनाने नाव घालायचं ठरवलं तर नोकरी जाईल, जागा मिळणार नाही.

पण बापाचं समाधान व्हायला पाहिजे ना. पंधरवड्याने पुन्हा फोन. "नाव हाय ना अजून?" आहे. "आमच्या वर कुणाचं हाय?" कारकून कॅलेंडर बघून खरं तेच सांगतो, एकच आहे वर. झालं! सोयऱ्याधायऱ्यांत बोभाटा होतो की पोराचा पुण्यात दुसरा नंबर लागलाय. पहिला नंबर चहावाल्याचा, तो एमबीबीएसला बसणार नाही म्हणजे तसा पहिलाच. मग स्पेलिंगची काळजी सुरू होते, आधारवर एक 'ए' जास्त आहे, तो लिहिला का? मग सासऱ्याच्या ओळखीने कुणीतरी पेढ्यांचा पुडा घेऊन समक्ष जाऊन येतो. जानेवारी उजाडतो, जुनं कॅलेंडर रद्दीत जातं आणि लातुरात बापाची झोप उडते: नव्या कॅलेंडरवर नाव उतरवून घेतलं का? तेवढ्यात कारकुनाची बदली होते. नवा माणूस म्हणतो, असं काही नसतं हो. बापाला वाटतं, हा नक्की फुटला!

हसून सोडून द्यावं, असं इथवरच. कारण नाव लिहून घेणारा जसा असतो, तसा नाव विकत देणाराही असतो. त्याचा फोन उलटा येतो: "तुमच्या लेकराची जागा होल्डवर हाय, टोकन भरा." ऐंशीच्या दशकात विनाअनुदानित कॉलेजं निघाली तेव्हा चिठ्ठी आणि पाकीट ही राजरोस वाट होती. 1987 मध्ये राज्याने कॅपिटेशन फीला कायद्याने बंदी घातली. 2016 मध्ये नीट पुन्हा लागू झाली. त्याच उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. नंबर लावला तरच घागर भरते, हे त्या शहराच्या अंगात मुरलं असेल तर नवल नाही. 2020 मध्ये 70 टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना देणारा 70-30 चा प्रादेशिक कोटा गेला आणि पुण्या-मुंबईच्या जागा मराठवाड्याच्या लेकरांना मोकळ्या झाल्या. झाल्या त्या गुणांवर. भाड्याच्या खोलीत, मेसचा डबा खाऊन, पहाटे उठून जी पोरगी जीवशास्त्राची पानं घोकतेय, तिच्या कष्टावर तिच्याच बापाचा भरवसा नाही, दलालावर आहे. याला काळजी म्हणायचं? शेत गहाण ठेवून टोकन भरणाऱ्याला कुणीतरी खडसावून सांगायला हवं, पण ज्यांनी सांगायचं ते काउन्सेलर 'लवकर संपर्क साधा' असे फ्लेक्स लावून बसलेत.

आणि जे खरोखर लवकर करायचं, त्याला कुणाला सवड नाही. जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच टाकता येतो. मुंबईपर्यंत फोन फिरवणारा बाप त्यासाठी गावातल्या शाळेत जाऊन आजोबांचा निर्गम उतारा काढत नाही. निकाल लागतो, पसंतीक्रम भरायचे दिवस येतात, तेव्हा समजतं की जातीची व्हॅलिडिटी नाही आणि नॉन-क्रीमीलेयर दाखल्याची मुदत 31 मार्चलाच संपलीय. व्हॅलिडिटी नसली की राखीव जागेवरचं पोर खुल्या यादीत जातं. मग सेतू केंद्राच्या रांगेत भर उकाड्यात बाप, मामा आणि झेरॉक्सची पिशवी. खिडकीतली बाई सांगते, सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.

"मॅडम, निस्ती पावती चालंल का?"

चालणार नाही.