दहा वाजून अकरा मिनिटं

नोव्हेंबरातल्या एका सकाळी आमच्या बीदरलगतच्या नौबादच्या घरात दहा वाजून अकरा मिनिटं झाली आणि बराच वेळ तशीच राहिली.

मला भालकीची बस धरायची होती. साडेदहाला घराबाहेर पडलो असतो तरी चाललं असतं. संगणकापुढे बसलो होतो, खालच्या पट्टीच्या कोपऱ्यात पाहिलं, १०:११. म्हटलं, आहे वेळ. चहा मागितला. चहा आला, प्यायलो, कपाच्या कडेला साय वाळली. पाहिलं, १०:११. मग पेपर उघडला, अग्रलेख वाचला, निधनवार्ता वाचल्या, पुन्हा पाहिलं तर १०:११च. निवृत्तीनंतर वेळ संथ होते असं आमच्यातले जाणते सांगत आले आहेत; मला वाटलं, झाली सुरुवात. बरंही वाटलं. आयुष्यभर वेळेनं मागं लागून पळवलं, आता तीही जरा टेकलीय. एवढ्यात नजर गेली तर एकदम ११:११ वाजले होते.

बस गेली. आणि दोष द्यायला कुणी सापडेना, कारण ते घड्याळ आदल्या रात्री मीच घडवलं होतं.

झालं असं होतं. आमचा संगणक म्हातारा झालेला. नवी सिस्टीम त्याला झेपेना आणि जुनीला आता कुणी विचारेना. दिवाळीला पुण्याहून भाचा आला, म्हणाला, "मामा, टाकू नका, लिनक्स घालून देतो." मिंट नावाचं लिनक्स घातलं, त्यातही जुन्या यंत्रांना सोसेल असा एक्सएफसीई डेस्कटॉप. १९९६ साली ऑलिव्हिए फूर्दां या गृहस्थांनी तो सुरू केला. त्याचं बोधचिन्ह उंदीर. गणपतीचं वाहन निघाल्यामुळे घरातून आक्षेप आला नाही. जाताना भाचा एवढंच म्हणाला, "ह्यात सगळं आपल्या मनासारखं करता येतं." हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं.

कारण मी सगळ्यात आधी घड्याळाला हात घातला. पट्टीवरच्या वेळेवर उजवी कळ दाबली की ‘प्रॉपर्टीज’ येतं, तिथं आपला स्वतःचा नमुना लिहायला एक चौकट असते. भाषा सोपी आहे: आधी टक्क्याचं चिन्ह, मग एक अक्षर. टक्क्याचा आणि आमच्या पिढीचा संबंध एक तर परीक्षेतल्या गुणांशी, नाही तर व्याजाशी. इथं टक्का म्हणजे ‘पुढचं अक्षर शब्दशः घेऊ नका’. टक्का आणि मोठा ए लिहिला की वाराचं पूर्ण नाव येतं. लहान डी म्हणजे तारीख. मोठा एच म्हणजे चोवीस तासांचं घड्याळ, मोठा आय म्हणजे बारा तासांचं. मोठा एम म्हणजे मिनिटं. आणि लहान एम म्हणजे महिना.

मी लहान एम लिहिला होता.

त्यामुळे घड्याळातला तास इमानेइतबारे पुढे सरकत होता आणि मिनिटांच्या जागी अकरावा महिना ठाण मांडून बसला होता. ३० नोव्हेंबरच्या रात्री बारापर्यंत आमच्या घरी प्रत्येक तासाला अकराच मिनिटं झाली असती, १ डिसेंबरपासून बारा. मे महिन्यात लावलं असतं तर वर्षभर कळलंही नसतं. पाच मिनिटं इकडेतिकडे आपल्याकडे कोण बघतो? चूक सापडली ती बायकोला. ती कोपऱ्यातला आकडा आणि भिंतीवरचं कालनिर्णय असं आळीपाळीनं पाहत म्हणाली, "अहो, मिनिटाच्या जागी महिना घातलाय का?" मी म्हटलं, छे. मग पाहिलं.

खरं तर घड्याळानं त्याआधीही एक हिसका दिला होता. भाच्यानं सावधगिरी म्हणून जुनी सिस्टीम पुसली नव्हती. एकाच यंत्रात दोन बिऱ्हाडं, ज्याला हवं ते उघडावं. पण यंत्राच्या पोटात बटणासारख्या सेलवर चालणारं जे मूळ घड्याळ असतं, ते दोघांत एकच. लिनक्स धरून चालतं की पोटातलं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर आहे, आणि त्यात साडेपाच तास मिळवून आपल्याला दाखवतं. जुन्या बिऱ्हाडाची समजूत अशी की पोटात आहे तीच स्थानिक वेळ. दोघंही आपापल्या परीनं बरोबर, आणि दोघांच्या बरोबर असण्यात साडेपाच तासांचा फरक. एकदा पहाटे साडेपाचला जाग आली म्हणून संगणक लावला, तो जुन्या बिऱ्हाडात उघडला. बघतो तर रात्रीचे बारा. निमूट परत जाऊन झोपलो. एका ओळीच्या आज्ञेत ते भांडण मिटलं, पण त्या दिवशीचा दूधवाला मात्र दार वाजवून वाजवून गेला.

(पहाटेचे साडेपाच ही वेळ ह्या प्रकरणात पुन्हा येते. लिनक्ससारख्या सिस्टीम काळ मोजतात तो १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून, एकेक सेकंद करत. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. म्हणजे ह्यांचा काळ आपल्या काकड आरतीला सुरू झाला.)

घड्याळाच्या त्याच ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘टाइमझोन’ही विचारतात. मी यादीत बीदर शोधलं. असणार नाही हे ठाऊक होतं, पण माणूस एकदा आपलं गाव शोधतोच. मग बेंगळूरु शोधलं, मुंबई शोधली, हैदराबाद, दिल्ली. एकही नाही. अख्ख्या भारताला त्या यादीत एकच नाव आहे: ‘एशिया/कोलकाता’. यादी करणाऱ्यांची रीत अशी की भागातल्या मोठ्या शहराचं नाव द्यायचं. सीमेवरच्या माणसाला असल्या निर्णयांचं फार वाटत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा जुना बीदर जिल्हा वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, उरलेले आम्ही म्हैसूर राज्यात. शाळा वाटल्या, कचेऱ्या वाटल्या. घड्याळ तेवढं कुणी वाटून मागितलं नाही.

मागायला जागा होती. भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश रेखांशावरून चालते, मिर्झापूरच्या बाजूची ही रेघ. आम्ही ७७.५ अंशाजवळ. एका अंशाला चार मिनिटं धरली तर पाच अंशांची वीस मिनिटं. म्हणजे घड्याळात बारा वाजतात तेव्हा नौबादचा सूर्य सरासरी वीस मिनिटं मागे असतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १२:०४ च्या सुमारास माथ्यावर येतो, फेब्रुवारीत १२:३४ पर्यंत रेंगाळतो. मुंबईकर ह्या बाबतीत आमच्यापेक्षा हट्टी. त्यांनी आपली एकोणचाळीस मिनिटं मागची ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत काही ठिकाणी चालू ठेवली होती. लहान एमची शिक्षा पुरी भोगल्यावर माझ्याही मनात येऊन गेलं की ‘नौबाद टाइम’ करून टाकावी, आहे काय आणि नाही काय. पण आधीच एक बस चुकली होती.

आता त्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ज्या गोष्टीनं मला खरोखर जिंकलं, तिच्याकडे येतो. एक्सएफसीईच्या घड्याळात ‘लेआउट’ म्हणून पर्याय आहेत. एक काट्यांचा. एक आकड्यांचा. एक ‘बायनरी’, ज्यात वेळ ठिपक्यांत दिसते आणि ती वाचून होईपर्यंत बदललेली असते. आणि एक ‘फझी’, म्हणजे सुमाराचं. हे घड्याळ आकडे देतच नाही, शब्दांत सांगतं, आणि किती मोघम सांगायचं तेही आपणच ठरवायचं: पाच मिनिटांचा मोघमपणा, पंधरा मिनिटांचा, किंवा अख्ख्या दिवसाचा.

पंधरा मिनिटांचा लावला. कोपऱ्यात इंग्रजीत आलं ‘क्वार्टर टू इलेव्हन’. पावणेअकरा. बरं वाटलं, कारण घड्याळ पहिल्यांदाच माणसासारखं बोललं. तेवढ्यात शेजारचे मास्तर आले. घरी कन्नड, बाजारात उर्दू, आमच्याशी मराठी. त्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे हत्तू मुक्काल." मी म्हटलं, "पावणेअकरा." ते म्हणाले, "तेच की. दहा आणि पाऊण."

तेच होतं, आणि तेच नव्हतं. पावणेअकरा म्हणताना आपण अकराच्या दारात उभे असतो, पाव तासाची बाकी मोजत. हत्तू मुक्काल म्हणणारा अजून दहाच्या अंगणातच असतो, पदरात पडलेला पाऊण तास मोजत. एकाच क्षणी माझ्या दृष्टीनं अकरा होत आले, मास्तरांच्या दृष्टीनं दहा संपायचे होते. भाजीवाल्या भाभी ‘पौने ग्यारा’ म्हणतात, त्या माझ्या बाजूच्या. तेलुगूवाले मास्तरांच्या बाजूचे. मतं समसमान. मास्तर दर वेळी पंधरा मिनिटं उशिरा का येतात याचा मी वीस वर्षं विचार करत होतो, तो त्या दिवशी थांबवला. माणूस सज्जन आहे, त्याला अजून दहाच वाजलेले असतात.

मग मोघमपणा शेवटच्या टोकाला नेला, ‘दिवस’. आणि पट्टीवर उमटलं: ‘ऑलमोस्ट नून’. दुपार व्हायला आली. दिवसभर पाहत राहिलो. बारानंतर ‘नून’ झालं, तीननंतर ‘आफ्टरनून’, सहाला ‘ईव्हनिंग’, नऊला ‘लेट ईव्हनिंग’. बारानंतर काय होतं ते पाहायला जागलो: ‘नाइट’. मग तीन ते सहा ‘अर्ली मॉर्निंग’, सहा ते नऊ ‘मॉर्निंग’, आणि नऊला पुन्हा ‘ऑलमोस्ट नून’. बोटांवर मोजलं. आठ. प्रत्येकी तीन तास.

आठ प्रहर! परदेशात बसून कुणी तरी हा कार्यक्रम लिहिताना दिवसाचे भाग पाडायला घेतले आणि नेमके आपले प्रहर पाडले. त्याला प्रहर ठाऊक असतील असं मला वाटत नाही. दिवस मोघम करायला घेतला की तो आपोआप आठ तुकड्यांत पडत असावा. फक्त सकाळी नवाला ‘दुपार होत आली’ म्हणणं जरा घाईचं वाटलं. पण बीदरचा मे महिना ज्यानं काढलाय तो त्यावर वाद घालणार नाही.

आमच्याकडे प्रहर अजून जिता आहे, वेगळ्या नावानं. ‘पहारा’ शब्द त्यातूनच आला. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत, वीणेकऱ्यांचे पहारे लागतात. एक खांद्यावरून काढतो, दुसरा गळ्यात घालतो. आणि बीदरच्या ऐन मध्यावर चौबारा आहे, ७१ फुटांचा गोल बुरूज, आत ८० पायऱ्यांचा जिना. चारी वाटांवर नजर ठेवायला तिथं पहारेकरी उभे असत. पुढे त्याच बुरुजाच्या माथ्यावर घड्याळ बसवलं. पहाऱ्याच्या जागी वेळ आली, आणि मला तर वाटतं जागा मुळात तिचीच होती.

तिथी मात्र ह्या घड्याळात येत नाही. टक्क्यापुढे मी जवळजवळ सगळी अक्षरं लिहून पाहिली. वर्षातला कितवा दिवस, कितवा आठवडा, सगळं येतं. १९७० पासूनचे सेकंदसुद्धा येतात, १७६ कोटींच्या वर गेलेत. एकादशीला अक्षर नाही. "उपास कधी ते ह्याला कळत नाही," बायको म्हणाली, आणि त्या यंत्राची तिच्या लेखी जी काय इज्जत होती ती तिथं संपली. १९७३ पासून निघणारं कालनिर्णय खिळ्यावरून हललेलं नाही.

त्या कोट्यवधी सेकंदांचं मला आमच्या गावच्या सुरंग बावीसारखं वाटतं. नौबादच्या जमिनीखाली बहमनी काळातलं, पंधराव्या शतकातलं करेज आहे. पोटातून हलका उतार देत खोदलेला बोगदा, झिरपलेलं पाणी वाहून नेणारा, आणि वर ठरावीक अंतरावर उभ्या विहिरींची तोंडं. वरून चालणाऱ्याला नुसती भोकं दिसतात. कुणाला त्यातून घागरभर पाणी हवं, कुणाला खाली वाकून आवाज द्यायला आवडतो, मुलांना खडा टाकायचा असतो. पाण्याला यातलं काही ठाऊक नसतं. पट्टीवरचं घड्याळही असंच एक तोंड. मी त्यावर कधी वार लिहितो, कधी महिना, कधी मिनिटाच्या जागी महिना.

सध्या आमच्या पट्टीवर दोन घड्याळं आहेत. लिनक्स त्यालाही नाही म्हणत नाही. डावीकडे प्रहरांचं, ते माझं. उजवीकडे आकड्यांचं, मोठा एम घातलेलं, बायकोनं स्वतः तपासून घेतलेलं, ते बसचं. भाच्याला फोन करून ही व्यवस्था सांगितली तर तो म्हणाला, "मामा, मोबाइलवर बघायचं ना." त्याला अजून कळायचंय.

कधी बीदरला आलात तर नौबादला जरूर या. अकराच्या आत आलात तर सुरंग बावीही दाखवीन. फक्त फोनवर वेळ सांगताना ती मराठीत सांगताय की कन्नडात, तेवढं आधी सांगा. चहा त्या हिशेबानं टाकू.