आज जरा काम आहे

पुलंनी अंतू बर्वा लिहिला आणि रत्नागिरीचा माणूस म्हणजे ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला तिरकं ऐकवणारा, अशी समस्त महाराष्ट्राची खात्री झाली. आतल्या खोलीत बसणाऱ्यांची दखल कोणी घेतली नाही. त्यांनी ती घेऊ दिली नाही, हेही खरंच. ओटीवर पावलं वाजली की ही मंडळी मागीलदारी आगरात जाऊन नारळाच्या आळ्यात पाणी सोडत उभी राहतात. भर जुलैतसुद्धा.

आपण त्याला अण्णा म्हणू. दर दोन-चार घरांआड एक असतोच. कचेरीतून निवृत्त, कोणाच्या अध्यात ना मध्यात. लग्नाला जातो, अक्षता टाकतो आणि पंगत बसायच्या आत घरी परततो. कोणी हात धरलाच तर एकच वाक्य, ‘आज जरा काम आहे.’ आणि काम खरोखरच असतं. त्या दिवशी कोणाची तरी जयंती असते, नाहीतर पुण्यतिथी.

सख्ख्या भाच्याचा वाढदिवस अण्णाला आठवत नाही. पण तलत महमूद 24 फेब्रुवारी, मदनमोहन 25 जून, राज कपूर 14 डिसेंबर, रफी 24 डिसेंबर, हे झोपेतून उठवून विचारा. चौघेही 1924 चे. त्यामुळे 2024 साल अण्णाला भयंकर धावपळीचं गेलं. 2019 मध्ये तर गदिमा, बाबूजी आणि पुलं अशा तीन शताब्द्या एकदम अंगावर आल्या होत्या. ‘यंदा मान वर करायला फुरसत नाही,’ असं तो वाण्याला सांगत होता. वाण्याने फक्त साखर किती, एवढंच विचारलं होतं.

उत्सव अगदी खासगी असतो. दार लोटून घ्यायचं, कपाटातली तबकडी काढून मऊ फडक्याने खाचांच्या दिशेने पुसायची, सुई हलकेच टेकवायची. 78 ची तबकडी अण्णाला पाहुण्याचा आदर्श वाटते. आली, सव्वातीन मिनिटांत मनातलं सांगून मोकळी झाली, चहाला थांबली नाही. शिवाय गेलेली माणसं ‘ओळखलंस का मला?’ असं विचारून छळत नाहीत. अण्णाला माणसांचा कंटाळा आहे असं लोक म्हणतात ते मला पटत नाही. वर्षभर इतक्यांचं इतक्या निगुतीने करणारा माणूस माणूसघाणा कसा? एका वेळी एकच यावा, एवढंच त्याचं म्हणणं.

नैवेद्याचा नियम ठरलेला आहे. जयंतीला शिरा, पुण्यतिथीला पेज आणि पोह्याचा पापड. पंचाईत होते ती 13 ऑक्टोबरला. अशोककुमारचा जन्म त्या दिवसाचा, आणि 1987 साली धाकटा किशोर गेला तोही नेमका त्याच दिवशी. 14 डिसेंबर त्याहून कठीण. राज कपूर जन्मला, त्याची गाणी लिहिणारा शैलेंद्र 1966 मध्ये त्याच तारखेला गेला, आणि 1977 मध्ये गदिमाही. अण्णा सकाळपासून स्वयंपाकघराच्या दारात घुटमळत होता. शेवटी वहिनींनीच निकाल दिला, ‘एक वाटी शिरा, दोन वाट्या पेज. आणि आता इथून हला.’

‘गीतरामायण’ 1 एप्रिल 1955 ला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं, आठवड्याला एक गाणं या हिशोबाने. अण्णा ते आजही तसंच ऐकतो. छप्पन्न गाणी, वर्षभर. रावण मरेपर्यंत पुढच्या आंब्याचा मोहोर येऊन गळलेला असतो.

मे महिना मात्र शत्रूचा. मुंबईहून चाकरमानी येतात, फणस फोडतात आणि रात्री खळ्यात अंताक्षरी मांडतात. अण्णाला ओढून नेतात. तो ‘म’ वरून गाणं म्हणत नाही, मुखड्याआधीचा शेर धरायचा की नाही याचा खुलासा मागतो. दुसऱ्या दिवशी त्याला कोणी बोलावत नाही. त्याचा आवडता चित्रपटही त्या महिन्यातलाच, 3 मे 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’. त्यात कोणी बोलतच नाही.

जानेवारीत थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव होतो. अण्णा जातो. शेवटच्या रांगेतली, वाटेजवळची खुर्ची. दाद देतो ती मान हलवून, तीही अंधारात. शेजारच्या खुर्चीत दरवर्षी असाच आणखी एक जण असतो. दोघांना एकमेकांची नावं ठाऊक नाहीत. यंदा भैरवी संपल्यावर तो म्हणाला, ‘छान.’ अण्णा म्हणाला, ‘हो.’ घरी येऊन अण्णाने चपला काढता काढता वहिनींना सांगितलं, ‘आज बोलणं फार झालं.’

त्याचा खरा महिना जुलै. बाहेर असा पाऊस की समोरचं घर दिसत नाही, वीज गेलेली, कोणी येण्याचा प्रश्नच नाही. 9 ला गुरुदत्तचा जन्म, 14 ला मदनमोहन गेला, 20 ला गीता दत्त. 22 ला मुकेशचा जन्म. 25 ला बाबूजींची जयंती की लगेच 29 ला पुण्यतिथी. अण्णा उशाला सेलवर चालणारा रेडिओ घेऊन महिना काढतो. त्या महिन्यात त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान असतं की घरी मंगलकार्य निघालंय की काय असं वाटावं.

आणि 31 ला रफी. 1980 सालचा तो दिवस अण्णा अजून विसरलेला नाही. योगायोग असा की वहिनींचा जन्मही 31 जुलैचा. तेवढा एक वाढदिवस त्याच्या लक्षात राहतो.

‘राहतो हो,’ वहिनी म्हणाल्या. ‘सकाळी उठून माझ्याकडे बघतात आणि डोळे पुसतात. शेजारणींना वाटतं, मीच काहीतरी बोलले.’