पाऊस उघडू दे

तुमच्याही गावात हा माणूस असणारच. दुसऱ्याच्या गाडीचं दुखणं तो नुसत्या आवाजावरून ओळखतो आणि स्वतःची गाडी सुतळीवर चालवतो. आमच्या उचगावात ते जीपमामा. ते नक्की कुणाचे सख्खे मामा, हे आता कुणालाच सांगता येत नाही. अख्खा गावच भाचा, त्यामुळे त्यांच्यावर चिडायची सोय नाही. मी मात्र चिडतो, कारण पावसाळ्यात बेळगावला जायचं तर माझी जागा ठरलेली: पुढे, त्यांच्या शेजारी, हूडच्या भोकाखाली.

जीप महिंद्राची. स्वातंत्र्यानंतर मुंबईत माझगावला विलिसच्या जीपा जोडायला लागले आणि त्याच घाटाच्या गाड्या पुढे कित्येक वर्षं निघत राहिल्या. त्यातलीच ही एक. लोखंडी पाइपच्या कमानी, त्यावर ताणलेलं कॅनव्हास, बाजूला पट्टे आणि बकलं. मामांच्या जीपला हूड आहे, हे कागदोपत्री खरं आहे.

ते फाटलं बोकडामुळे. मंगळवारी आणि शुक्रवारी मळेकरणी देवीला केवढी गर्दी असते ते या भागात कुणाला सांगायला नको. अशाच एका मंगळवारी देवीला निघालेल्या पाहुण्यांनी बोकड जीपच्या मागे न बांधता पुढे मामांशेजारी उभा केला. सुळग्याच्या वळणावर बोकडाला पुढचं भविष्य दिसलं असावं. त्याने जी उडी घेतली ती शिंगांसकट थेट हूडमधून. बोकडाचं काय व्हायचं ते त्याच दिवशी मिटलं, हूडचं अजून मिटायचंय.

मामांनी वर बघितलं, आभाळ दिसलं, आणि म्हणाले, "तात्पुरतं सुतळीनं ओढून घेतो. पाऊस उघडू दे, नवीन हूडच घालतो."

तेव्हापासून हे वाक्य गावात इतकं चाललंय की पोरं गणिताचा पेपर कोरा देऊन आली तरी "पाऊस उघडू दे" म्हणतात. सुतळी तुटली तेव्हा सायकलच्या ट्यूबचं ठिगळ सोल्यूशन लावून चिकटवलं. तात्पुरतं. उन्हानं ते सुटलं तेव्हा दाभण घेऊन नायलॉनच्या दोऱ्यानं शिवलं, तेही इतकं दाट की टाक्यांच्या रेषेवरून पोस्टाच्या तिकिटासारखी सरळ पट्टी फाटून हातात आली. "गळूलाय खरं," मामा म्हणाले, "तात्पुरतं हाय गा."

मग निवडणुका आल्या आणि मामांना फ्लेक्सचा शोध लागला. बाहेरच्या बाजूनं बेळगाव ग्रामीणचा एक उमेदवार, कन्नडमध्ये हात जोडून. आतून सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या बाजूनं आणलेला चंदगडचा उमेदवार, मराठीत हात जोडून. दोघांची पाठ एकमेकांना चिकटलेली आणि मधून पाण्याची धार. दोन राज्यं इतकी जवळ आलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत. अर्थात फ्लेक्स टिकला नाही. कॅनव्हास भिजलं की आक्रसतं, वाळलं की सैल पडतं. फ्लेक्सला हे कळत नाही. तो आहे तसाच राहतो आणि कडेचे टाके उसवून काढतो.

आता कुणी म्हणेल, पाऊस कधीतरी उघडतोच की. उघडतो. पण पाऊस उघडला की सुगी. सुगी संपली की लगीनसराई. लगीनसराईत जीपला सवड नाही, आणि ती संपता संपता वळीव हजर. पुण्याचा भाचा मुद्दाम जास्त चौकशी करून कापडी टपाची नवी थार घेऊन आला. टप बंद, काचा बंद, आत एसी. मामांनी त्या टपावर हात फिरवला आणि विचारलं, "मग पत्र्याचं का घेतलं नाहीस?"

चीड आणणारी गोष्ट अशी की त्यांना येत नाही असं अजिबात नाही. शिनोळीचा एकजण फाटक्या हूडची जुनी जीप घेऊन आला तेव्हा मी समोर बसून पाहिलं. मामांनी आधी हूड धुऊन उन्हात कडकडीत वाळवलं. फाटलेल्या कडांचे सुटे धागे कातरले. मग फाटलं कशानं ते शोधलं. कमानीला घासून. म्हणून तिथं पाइपला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, "न्हाईतर नवं बी तिथंच फाटतंय." ठिगळं दोन, एक आतून, एक बाहेरून, आणि चारही कोपरे गोल कापलेले, कारण टोकदार कोपरा आधी उचकटतो. दोरा सुती, मेणातून ओढलेला. नायलॉन का नको, तर सुती दोरा पाण्यानं फुगतो आणि सुईचं भोक आपोआप बुजवतो. टाके विरळ, एकसारखे. शेवटी टाक्यांवरून मेणाचा हात. त्याच्या गाडीत थेंब आला नाही. पैसे विचारले तर म्हणाले, "चा सांग."

मी तिथल्या तिथे म्हटलं, मामा, एवढंच आपल्या जीपला करा. म्हणाले, "आपलं तात्पुरतं हाय."

मी जरा तापलो. किती वर्षं तात्पुरतं? मामा दोऱ्याची गाठ आवळत म्हणाले, "आमचा बा 56 साली म्हणाला व्हता, हे बी तात्पुरतं हाय. दोन-चार वर्सांत मिटतंय."

यावर काय बोलणार? 1 नोव्हेंबर 1956 ला आम्ही इकडे, म्हणजे आताच्या कर्नाटकात, आलो. 1966 मध्ये सीमावादासाठी महाजन आयोग नेमला गेला. 2004 मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला आणि दावा तिथंच आहे. मामांचे वडील गेले. मामा दर 1 नोव्हेंबरला, काळ्या दिनाला, सायकल फेरीच्या मागून पाण्याची पिंपं घेऊन जीप चालवतात. नोव्हेंबरात पाऊस नसतो, म्हणून त्या दिवशी हूड काढलेलंच असतं.

आणि एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहितो. रात्री-अपरात्री गावात कुणाच्या सुनेला कळा सुरू झाल्या, कुणाच्या छातीत दुखलं, की याच जीपचा हॉर्न वाजतो. मागच्या जुलैत एका आजीला घेऊन आम्ही सुळगा, हिंडलगा करत बेळगावला निघालो. धो धो पाऊस. मामा मानेपासून कमरेपर्यंत भिजलेले, मी त्यांच्याहून जास्त. मागे वळून पाहिलं तर आजीचं घोंगडं कोरडं ठणठणीत. दवाखान्याच्या दारात बॅटरी मारून मी वर पाहिलं. मागच्या सीटवरचा भाग गोल कोपऱ्यांच्या ठिगळाचा, सुती दोऱ्याचा, मेण लावलेला. सुतळी, ट्यूब, फ्लेक्स, सगळं तात्पुरतं ते फक्त ड्रायव्हरच्या डोक्यावर.

विचारलं तर कबूल करणार नाहीत. तेव्हा उचगाव फाट्यावर मामांनी तुमच्यासाठी जीप थांबवली, तर मान देतात म्हणून पुढे बसू नका. मागे बसा. मागे गळत नाही.