अकरानंतर दूध नाही

युरोप करून आलेला माणूस ओळखायला फोटो बघत बसावं लागत नाही. त्याला कॉफी विचारावी. तो आधी घड्याळाकडे बघतो, मग तुमच्याकडे, आणि हलक्या, काळजीच्या आवाजात म्हणतो, "आत्ता? दुधाची?" इटलीत सकाळचे अकरा वाजून गेले की कापुचिनो सहसा कोणी मागत नाही, जेवणावर तर नाहीच, इतकं दूध पोटाला जड पडतं, अशी तिकडची समजूत. ती इकडे राबवण्याची जबाबदारी या माणसाने आपणहून घेतलेली असते. दुपारी चारला मात्र तो स्वतः अर्ध्या दुधाचा चहा पितो. चहाबद्दल इटालियन लोकांचं काही म्हणणं नाही, असं त्याचं म्हणणं.

पुण्यात हल्ली प्रत्येक सोसायटीत असा एक तरी निघतो. आमच्याकडचे काका बँकेतून निवृत्त झाले तोवर त्यांना कॉफी माहीत होती ती जायफळ घातलेली, कपबशीतली, आणि तीही रात्री जागरण असेल तरच. मग मुलाने युरोपची सहल काढून दिली.

आता, सहलीतल्या माणसाला युरोपात कॉफी प्यायला वेळ मिळतो कुठे? सहाला उठणं, सातला नाश्ता, आठला बस. बसमध्ये चकली-चिवडा, दुपारी राजमा, रात्री पनीर. उरतो तो मोकळा वेळ, आणि तो मिळतो एखाद्या चर्चसमोर, पाऊण तास, त्यातला निम्मा स्वच्छतागृह शोधण्यात. काकांच्या कॉफीप्रेमाचा उगम खरं तर तिथला. तिकडे बऱ्याच ठिकाणी त्या सोयीला सुटे पैसे मोजावे लागतात. कॅफेत एक कॉफी घेतली की सोय फुकट. बँकेत हयात गेलेल्या माणसाला हा हिशोब कोणी समजावून द्यावा लागला नाही.

तरीही तिथे असताना काकांना कॉफी गोड लागली असेल असं मला वाटत नाही. प्रत्येक घोटाला शंभराने गुणणारा माणूस चव कुठल्या जिभेने घेणार? रोममध्ये काउंटरपाशी उभ्याने एस्प्रेसो घेतली तर एक भाव आणि टेबलाशी बसलं की त्याच कपाचा दुसराच भाव, हे कळल्यावर ते इटली संपेपर्यंत बसले नाहीत. व्हेनिसच्या सान मार्को चौकात फ्लोरियन नावाचं कॅफे आहे, १७२० पासूनचं. बाहेर वाद्यवृंद वाजत असला की बिलात संगीताचा आकार वेगळा लावतात. काकांनी उभ्यानेच मेनूकार्ड शेवटून वाचलं, मागे फिरले, आणि चौकाच्या मध्यभागी जाऊन तेच संगीत मोकळ्या हवेत ऐकलं. आज ते सांगतात, "फ्लोरियनला आम्ही एक संध्याकाळ काढली." वाक्यात खोटं काही नाही.

व्हिएन्नात मात्र गंमत झाली. तिथली कॉफीगृहं म्हणजे बसण्याच्या जागा. ऑस्ट्रियाने २०११ साली या संस्कृतीला आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घातलं. मेलांज, म्हणजे दुधाच्या फेसाची कॉफी, चकचकीत तबकातून येते, शेजारी पाण्याचा ग्लास, ग्लासवर पालथा चमचा. लाकडी दांडीला लावलेलं वर्तमानपत्र घ्यायचं आणि एका कपावर दुपार काढायची. उठा म्हणून कोणी सांगत नाही. काकूंना हे एका क्षणात कळलं. त्यांनी सफरचंदाचा श्ट्रूडेल मागवला, चपला सैल केल्या आणि बाकीचे राजवाडा बघून येईपर्यंत तिथेच बसल्या. व्हिएन्नात लोक दिवसभर दुधाची कॉफी पितात, ही बातमीही आम्हाला काकूंकडूनच मिळाली. काका ती सांगत नाहीत.

काकांना व्हिएन्ना आवडलं ते वेगळ्या कारणाने. झाखर टॉर्ट हा तिथला प्रसिद्ध चॉकलेट केक, आत जर्दाळूचा मुरंबा, बाजूला बिनसाखरेची फेटलेली साय. १८३२ साली मेटर्निखच्या मुदपाकखान्यात फ्रान्झ झाखर या सोळा वर्षांच्या उमेदवाराने तो केला, असं सांगतात. पुढे मूळ केक कोणाचा यावरून झाखर हॉटेल आणि डेमेल मिठाईवाले यांच्यात वर्षानुवर्षं कोर्टकज्जा चालला आणि १९६३ साली मिटला. 'मूळ' म्हणवण्याचा हक्क हॉटेलकडे गेला. हे ऐकून काका गहिवरले. परक्या मुलखात, 'आमची कोठेही शाखा नाही' या पाटीचं मोल जाणणारी माणसं भेटली होती. केक त्यांना कोरडा वाटला, पण खटला फार आवडला.

खरा आनंद सुरू झाला परतल्यावर, गुणाकार थांबला तेव्हा. सोबत मोका पॉट आला होता, आल्फोन्सो बियालेत्तीने १९३३ साली काढलेला तो आठकोनी अॅल्युमिनियमचा. खाली पाणी, मध्ये पूड. वाफेच्या दाबाने कॉफी वर चढते. घरात इंडक्शन, त्यावर अॅल्युमिनियम तापेना. गॅसवर ठेवला तर बर्नरवर टेकेना. शेवटी पापड भाजायची जाळी कामी आली. हा पॉट साबणाने धुवायचा नाही, आत कॉफीचा थर बसू द्यायचा, असं इटलीतल्या घरोघरी सांगतात. काकांनी तसं सगळ्यांना बजावलं, फक्त भांडी घासायला येणाऱ्या मावशींना सांगायचं राहिलं. त्यांनी एका सकाळी तारेच्या घासणीने तो असा लखलखीत केला की काका दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. मावशी अजून विचारतात, "जळका होता ना हो तो?"

बाहेर कॅफेत नेलं तर ते सोफा सोडून काउंटरपाशी उभे राहतात. पोरं घाबरून म्हणतात, "काका, बसा ना, काही चुकलं का?" बेकरीत खारी हातात धरून पदर मोजतात आणि मागे उभ्या असलेल्या रांगेला ऐकवतात, की क्रोसाँ मूळचा पॅरिसचा नाहीच, आउगुस्ट झांग नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने १८३० च्या दशकाच्या अखेरीस तिथे व्हिएनीज बेकरी काढली, तिथून हे सुरू झालं. मुद्दा खरा आहे. रांगेला मात्र पाव हवा असतो. आणि पॅरिसात एक म्हातारा क्रोसाँ कॉफीत बुडवून खाताना दिसला, हे सांगताना त्यांचा चेहरा बघावा. आयुष्यभर चहात खारी बुडवल्याचं सार्थक झाल्यासारखा.

परवा काकूंचा भाचा आला होता. तो चिकमगळूरकडे कॉफीच्या व्यापारात आहे. काकांनी रोमहून आणलेलं पाकीट मोठ्या मानाने फोडलं, नाकाशी धरायला दिलं. भाच्याने वास घेतला आणि सहज सांगितलं, की आपल्या कॉफीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इटलीच. एस्प्रेसोवरच्या त्या जाड फेसासाठी ते रोबस्टा मिसळतात, आणि कर्नाटकातला रोबस्टा तिकडे पुष्कळ जातो. या पाकिटातही थोडा आपलाच असेल.

खोली शांत झाली. मला वाटलं, संपलं. काकांनी चष्मा पुसला.

"असेल. जन्म इकडचा असेल. पण मुंज तिकडे लागली ना!"

"हो," काकू आतून म्हणाल्या, "आणि भिक्षावळ आपण घातली. युरोत."