तोंडावरून पारख

फॉर्म्युला वनच्या शर्यतीत फेरारीचा ड्रायव्हर हॅमिल्टन यानं टोपी भुवयांपर्यंत ओढली, की टीमचे दिवस कठीण आहेत, हे मी येवल्यात बसून सांगतो. मला टायरचं तापमान लागत नाही, लॅपचे आकडे लागत नाहीत. तोंड दाखवा, टीमचं भविष्य घ्या. गल्लीतली पोरं शर्यतीआधी माझा अंदाज विचारायला येतात. ती हसायला येतात, असं घरचे म्हणतात. पण थोरांच्या घरी असे संशयखोर असायचेच.

ही विद्या आमच्या मंगळवारच्या घोडेबाजारातली. गिऱ्हाईक घोड्याचा ओठ उचलून दात बघतं. दातांवरून वय कळतं. चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असेल तर तो पंचकल्याणी. गळ्याखाली देवमणाचा शुभ भोवरा असला, की मालक भाव सांगताना उगाच खाकरतो. कान मागं पाडले, की आपण मागं सरकायचं. पण खरा पारखी घोड्यापेक्षा विकणाऱ्याकडं बघतो. तंबाखू मळता मळता त्याचा अंगठा थबकला, की समजावं, मागच्या पायात खोट आहे. मी जन्मात घोडा घेतलेला नाही, पण नापास पुष्कळ केलेत. त्यातले काही पुढं वरातीत झकास नाचले, तो भाग वेगळा.

तर शर्यतीकडं येऊ. २०१५ साली सुझुकाला, होंडाच्या घरच्या ट्रॅकवर, होंडाचंच इंजिन असलेल्या मॅक्लारेनमधून अलोन्सो रेडिओवर ‘जीपी-टू इंजिन’ म्हणून ओरडला. म्हणजे खालच्या वर्गाचं इंजिन. मॅक्लारेन त्या वर्षी दहा संघांत नववी आली. विद्या सिद्ध! मात्र त्याच होंडाच्या इंजिनावर २०२१ ला व्हर्स्टापेन जगज्जेता झाला, हे मी पोरांना सांगत नाही. रायकोनेनचं तर नावच काढत नाही. तो गडी कायम वीजबिलाच्या रांगेत उभा असल्यासारखा दिसायचा, आणि २००७ चं जगज्जेतेपद एका गुणानं घेऊन गेला.

पण २ ऑगस्ट २०२५ ला हंगेरीत हॅमिल्टन पात्रता फेरीत बारावा आला आणि म्हणाला, मी निरुपयोगी आहे, टीमनं दुसरा ड्रायव्हर बघावा. त्याच दुपारी त्याच फेरारीत बसून लक्लेर पहिला आला होता. टीम एक, तोंडं दोन. आता सांगा भविष्य!

खरं तर त्या दिवशी मला राग आला. सात वेळचा जगज्जेता, वयाची चाळिशी गाठलेला माणूस, हरून उतरला की नियमानंच त्याला माइकपुढं उभं करायचं. हरलेल्या घोड्याला निदान पाणी तरी दाखवतात. आणि आपण त्या पडलेल्या तोंडात शोधतो काय, तर फेरारीचं भवितव्य.

माझा मुलगा चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे. रात्रपाळीआधी व्हिडिओ कॉल करतो. मी त्याचे डोळे निरखून विचारतो, “कंपनीला ऑर्डरी कमी झाल्या काय रे?” तो म्हणतो, “सगळं ठीक आहे, पप्पा.” मग त्याची आई फोन ओढून घेते. “जेवला का रे?” तेव्हा कुठं पोराचं तोंड सैल पडतं.

गाडी पळेल की नाही, हे घड्याळाला विचारावं. तोंड बघून माणूस दमलाय का, एवढंच ओळखावं. तरी कुणाला पुढच्या शर्यतीचा अंदाज हवाच असेल, तर मंगळवारी बाजारात या. फी एक चहा; अंदाज चुकला तरी परत मिळणार नाही.