पगार आठवड्याचा, हिशोब शनिवारचा

इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूचा पगार आठवड्यावर सांगतात; इटली आणि स्पेनमध्ये तो वर्षावर सांगण्याची रीत आहे. दोन्हीकडच्या प्रेक्षकांच्या रक्तदाबाचा अभ्यास इथूनच सुरू करावा लागतो. इंग्लंडमधला हा खेळ गिरण्या, खाणी आणि गोद्यांच्या गावांत वाढला. तिथे कामगाराला पगार आठवड्याला मिळे, तसाच खेळाडूलाही. पुढे गिरण्या बंद पडल्या, पगार महिन्यावर गेले, खेळाडूचा मात्र आठवड्यावरच राहिला. सामनाही साधारण आठवड्याला एक. त्यामुळे इंग्रज प्रेक्षकाला भागाकार करावा लागत नाही: इतके पौंड, एक शनिवार, गोल शून्य. इटलीतल्या प्रेक्षकाला आधी वार्षिक आकडा बावन्नने भागावा लागतो, आणि हातचा घेता घेता निम्मा राग ओसरतो.

प्रेक्षकाची अपेक्षा तीन आकड्यांतून तयार होते: खेळाडूचा पगार, प्रेक्षकाचा स्वतःचा पगार आणि तिकिटाचा दर. यांतला पहिला आकडा ऐकीव असतो, दुसरा गुप्त असतो आणि तिसरा खिशातून गेलेला असतो.

पहिला आकडा साठ वर्षे फुटबॉलच्या नियमाने लहान ठेवलेला होता. १९०१ मध्ये इंग्लंडमध्ये कमाल पगाराची मर्यादा लागू झाली: आठवड्याला ४ पौंड. वाढत वाढत ती १९५८ मध्ये हंगामात २० पौंड आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत १७ पौंडांवर पोचली. उन्हाळ्यात खेळाडूची भूक तीन पौंडांनी कमी होते, असे क्लबांच्या खजिनदारांचे मत असावे. स्टॅन्ली मॅथ्यूज १९५६ मध्ये युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूसाठीचा पहिला बॅलन डी'ओर जिंकले, तेव्हा तेही याच मर्यादेत खेळत होते. प्रेस्टनचे टॉम फिनी इंग्लंडचे नामांकित विंगर होते आणि पेशाने प्लंबर. त्यांच्याकडून गावाच्या अपेक्षा दोन: शनिवारी गोल आणि सोमवारी नळ. १९५२ मध्ये इटलीतल्या पालेर्मोने त्यांना १०,००० पौंड, मोटार आणि बंगला देऊ केला. प्रेस्टनने त्यांना सोडले नाही. गोल होत राहिले, नळही दुरुस्त होत राहिले.

पगार लहान असला की अपेक्षाही लहान असते, असा निष्कर्ष यावरून काढण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण १९०५ सालचे अल्फ कॉमन आडवे येतात. त्या वर्षी मिडल्सब्रोने त्यांना सन्डरलँडकडून १,००० पौंडांना घेतले. एका माणसासाठी हजार पौंड मोजण्याची ही पहिलीच वेळ होती आणि देशभर गहजब झाला. हजार पौंड सन्डरलँडच्या तिजोरीत गेले. कॉमन यांचा पगार नियमाने ४ पौंडच. अपेक्षा मात्र हजारांची, आणि ती सन्डरलँडच्या तिजोरीकडून कोणी करत नव्हते. पहिल्याच सामन्यात त्यांनी शेफील्डमध्ये पेनल्टीवर गोल केला आणि मिडल्सब्रोने जवळजवळ दोन वर्षांनी परगावी सामना जिंकला. अपेक्षेचा पहिला नियम इथेच ठरला: पैसा कोणाच्याही खिशात जावो, त्याची वसुली ज्याच्या पायात बूट आहेत त्याच्याकडूनच होते.

कमाल मर्यादा गेली जानेवारी १९६१ मध्ये. खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष जिमी हिल यांनी संपाची तयारी केली होती. संपाच्या आधीच लीग नमली. हिल स्वतः फुलहॅमचे खेळाडू. फुलहॅमचे अध्यक्ष टॉमी ट्रिंडर हे विनोदी नट. नियम आडवा येतो, नाहीतर आपण कर्णधार जॉनी हेन्स यांना आठवड्याला १०० पौंड दिले असते, असे त्यांनी बोलून ठेवले होते. बोलायला काही खर्च येत नाही, या भरवशावर केलेली ही उदारता. नियम अचानक गेला आणि ट्रिंडर यांच्यावर स्वतःचाच विनोद अमलात आणण्याची वेळ आली. हेन्स आठवड्याला १०० पौंड घेणारे पहिले इंग्लिश फुटबॉलपटू ठरले. त्या शनिवारपासून त्यांचा चुकलेला पास पाचपट महाग झाला.

पुढची उडी बेल्जियममधून आली. जाँ-मार्क बोसमन यांच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये निकाल दिला की करार संपलेला खेळाडू क्लब सोडून जाताना जुन्या क्लबला बदलीची रक्कम मागता येणार नाही. जो पैसा क्लबाकडून क्लबाकडे जात होता तो आता खेळाडूच्या पगारात वळवता येऊ लागला. त्याआधी १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू होऊन दूरचित्रवाणीचा पैसा वाहू लागलाच होता. पगार हजारांतून लाखांत गेले. बोसमन यांना स्वतःला त्यातले फारसे काही मिळाले नाही. विहीर खणणाऱ्याला तहानलेले ठेवण्याची प्रथा युरोपातही आहे.

गंमत अशी की हा पहिला आकडा बहुतेक वेळा कोणी अधिकृतपणे जाहीर केलेलाच नसतो. अमेरिकेतल्या मेजर लीग सॉकरमध्ये खेळाडूंची संघटनाच पगाराची यादी छापते. इंग्लंडमधले क्लब वर्षाच्या ताळेबंदात सगळ्यांचा मिळून एक आकडा देतात. कोणाला किती, ते वृत्तपत्रे 'समजते' या क्रियापदाच्या आधाराने छापतात. तरीही प्रत्येक प्रेक्षकाला प्रत्येक खेळाडूचा पगार शेवटच्या पौंडापर्यंत ठाऊक असतो. मुलीचे वय आणि मुलाचा पगार विचारू नये असे म्हणतात. हे पथ्य मैदानाच्या फाटकाबाहेर पाळायचे असते.

दुसरा आकडा, म्हणजे प्रेक्षकाचा स्वतःचा पगार, उघड बोलला जात नाही, पण तुलना त्याच्याशीच असते. 'माझ्या वर्षाच्या कमाईइतके हा मंगळवारपर्यंत कमावतो,' हे वाक्य वाईट पासनंतर येते. चांगल्या पासनंतर तेच गणित कोणाला आठवत नाही. इंग्लंडमध्ये या वादात तिसरी व्यक्ती म्हणून रुग्णालयातली नर्स हमखास येते. सिनेनट, बँकर आणि क्लबाचा मालक यांची तुलना तिच्याशी होत नाही. तो मान फुटबॉलपटूचा. एप्रिल २०२० मध्ये कोविडची साथ ऐन भरात असताना ब्रिटनच्या आरोग्यमंत्र्यांनी फुटबॉलपटूंनी पगारकपात घ्यावी असे पत्रकार परिषदेत सुचवले. लिव्हरपूलचे कर्णधार जॉर्डन हेंडरसन आणि इतर कर्णधारांनी तोवर आरोग्यसेवेसाठी निधी उभारण्याची जुळवाजुळव सुरू केलीच होती. तेव्हापासून मोठ्या पगाराकडून गोलाबरोबर दानधर्माचीही अपेक्षा रीतसर नोंदवली गेली आहे.

तिसरा आकडा तिकिटाचा. तिकीट घेतलेला प्रेक्षक स्वतःला गिऱ्हाईक समजत नाही, सावकार समजतो. हे पैसे थेट खेळाडूच्या पाकिटात गेले, अशी त्याची खात्री असते. प्रीमियर लीगने २०१६ पासूनच्या तीन हंगामांसाठी केलेला देशांतर्गत दूरचित्रवाणीचा करारच ५ अब्ज पौंडांच्या वर होता; त्यापुढे तिकिटाची कमाई ही लग्नातल्या आहेराच्या पाकिटासारखी, हवीच असते पण मांडव तिच्यावर उभा नसतो. तरीही फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने नव्या स्टँडमधले सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे करायचे ठरवले, तेव्हा हजारो प्रेक्षक सन्डरलँडविरुद्धच्या सामन्यात बरोबर ७७ व्या मिनिटाला उठून निघून गेले. लिव्हरपूल २-० ने पुढे होते. प्रेक्षक बाहेर पडल्यावर सन्डरलँडने दोन गोल केले आणि सामना बरोबरीत सुटला. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. पगाराशिवाय सामन्यावर परिणाम करणारी शक्ती म्हणून या घटनेकडे बोट दाखवता येते.

या तीन आकड्यांमुळे प्रेक्षकाची नजर बदलते. स्वस्तातल्या खेळाडूचा फटका बारवरून गेला तर वारा होता. महागड्याचा गेला तर माज होता. क्लबाच्या तरुण संघातून वर आलेला मुलगा घरचा, त्याला दोन हंगाम माफ असतात. महागड्या खेळाडूचा स्नायू दुखावणे हा हलगर्जीपणा. सर्वांत जास्त मोल घामाला. हाती न लागणाऱ्या चेंडूमागे कोपऱ्यापर्यंत धावून आपटलेल्या खेळाडूला टाळ्या मिळतात, कारण त्यातून काही निष्पन्न झाले नसले तरी पगाराचे काम झालेले दिसते. जो न धावता आधीच योग्य जागी उभा असतो त्याच्या खांद्यांची ठेवण लोकांना खटकते. आर्सेनलच्या मेसुट ओझिल यांचे खांदे हा कित्येक हंगाम चर्चेचा विषय होता. २०१८ मध्ये त्यांचा पगार आठवड्याला साडेतीन लाख पौंड झाल्याच्या बातम्या आल्या, आणि ते खांदे आणखी पडलेले दिसू लागले. ऑक्टोबर २०२० मध्ये आर्सेनलने खर्चकपातीत गनरसॉरस या डायनासोरच्या वेषात नाचणाऱ्या माणसाला कमी केले. तेव्हा संघाबाहेर बसवलेल्या ओझिल यांनीच त्याचा पगार स्वतः देण्याची तयारी दाखवली. न खेळणाऱ्या खेळाडूने न बोलणाऱ्या डायनासोरला पोसावे, या देखाव्याने टीकाकारांचीही थोडी पंचाईत झाली.

पगार आणि अपेक्षा यांची फारकत झाल्याचे शुद्ध उदाहरण म्हणजे विन्स्टन बोगार्ड. २००० मध्ये ते चार वर्षांच्या करारावर चेल्सीत आले. पगार आठवड्याला ४०,००० पौंड असल्याचे सांगितले जाई. थोड्याच दिवसांत प्रशिक्षक बदलला आणि नव्या प्रशिक्षकांच्या, क्लाउडिओ रानिएरी यांच्या, योजनेत त्यांना जागा उरली नाही. बोगार्ड सोडून गेले नाहीत. चार वर्षांत लीगचे ९ सामने खेळून त्यांनी करार पूर्ण केला. प्रेक्षकांना त्यांच्याकडून लाज अपेक्षित होती; करारात लाजेचे कलम नव्हते. चीनमध्ये शांघाय शेनहुआने २०१७ च्या हंगामासाठी आणलेल्या कार्लोस टेवेझ यांचीही जगातल्या सर्वांत महागड्या पगारदारांत गणना होत होती. तिथे त्यांनी लीगमध्ये ४ गोल केले आणि वर्षभरात अर्जेंटिनाला परत गेले. घरच्या आठवणीने व्याकूळ झालेला पोर, अशा अर्थाचे टोपणनाव प्रेक्षकांनी त्यांना दिले होते. इतक्या पगारात घर विसरता यायला हवे, ही त्यामागची अपेक्षा.

अर्थशास्त्र या बाबतीत प्रेक्षकाला अर्धे बरोबर ठरवते. सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की यांनी 'सॉकरनॉमिक्स' या २००९ च्या पुस्तकात इंग्लिश क्लबांचे अनेक वर्षांचे हिशोब तपासले. बदलीसाठी मोजलेल्या रकमेवरून संघाच्या स्थानाचा फारसा अंदाज येत नाही. पण संपूर्ण संघाचा पगारखर्च आणि त्याचे लीगमधले सरासरी स्थान यांचे नाते फार घट्ट निघाले. पैसा गोल आणतो हे प्रेक्षकाचे म्हणणे खरे आहे. मात्र हे सत्य पंचवीस जणांच्या पगाराचे आणि अनेक हंगामांचे आहे. प्रेक्षक ते एका माणसाला, एका शनिवारी, पाऊस पडत असताना लावतो. फुटबॉलमध्ये गोल मुळात थोडे होतात. एक खांब, एक शिट्टी किंवा एक घसरलेला बूट नव्वद मिनिटांचा निकाल फिरवतो. वर्षाच्या पावसाच्या सरासरीवरून आज छत्री न्यायची की नाही हे ठरवणारा माणूस भिजतो, तसे प्रेक्षकाचे होते.

हे घट्ट नाते एकदा ढळढळीत तुटले. २०१५-१६ मध्ये लेस्टर सिटीने प्रीमियर लीग जिंकली तेव्हा त्यांचा पगारखर्च मँचेस्टर युनायटेडच्या सुमारे एक तृतीयांश होता आणि सट्टेबाजांचा भाव एकास पाच हजार. त्यांचा जेमी वार्डी काही वर्षांपूर्वी स्टॉक्सब्रिजच्या अर्धव्यावसायिक संघात आठवड्याला ३० पौंडांवर खेळत होता. प्रशिक्षक तेच रानिएरी. एकही गोल खाल्ला नाही तर पिझ्झा, असे त्यांनी खेळाडूंना कबूल केले होते; ऑक्टोबरमध्ये तसा सामना झाला, तेव्हा पिझ्झाही खेळाडूंनाच लाटायला लावला. प्रेक्षकांची अपेक्षा फक्त लीगमध्ये टिकण्याची होती, म्हणून प्रत्येक विजय वरकमाई वाटला. जिंकल्यावर अपेक्षा वाढल्या, पगार वाढले, आणि नऊ महिन्यांत रानिएरी यांना काढण्यात आले. २०२३ मध्ये पगारखर्च २० कोटी पौंडांच्या वर गेलेला असताना लेस्टर खालच्या लीगमध्ये घसरले.

भारतात इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामात, २०१४ मध्ये, एफसी गोवाने १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रेंच संघातले रॉबर्ट पिरेस आणले. चाळिशीतल्या माणसाने धावावे अशी मडगावच्या फातोर्ड्याची फारशी अपेक्षा नव्हती. दर्शन झाले तरी पुरे होते. २०१७ मध्ये आलेले फेरान कोरोमिनास इथे फारसे कोणाला माहीत नव्हते, आणि त्यांनी सलग दोन हंगाम लीगमध्ये सर्वाधिक गोल केले. कोल्हापुरात तालीम मंडळांच्या संघांकडून अपेक्षा ठरते ती पेठेवरून. शाहू स्टेडियमवर हरलेल्या संघाला पगाराची सबब नसते, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतूनच जायचे असते.

शेवटी हिशोब कसा मिटतो, हे पाहायला पुन्हा फुलहॅमलाच जावे लागते. १०० पौंडांच्या जॉनी हेन्स यांच्या काळात क्लबाला एकही मोठा करंडक मिळाला नाही. १९६८ मध्ये संघ पहिल्या विभागातून घसरला आणि १९६९ मध्ये दुसऱ्यातूनही. हेन्स १९७० पर्यंत तिथेच खेळले. क्रेव्हन कॉटेज या मैदानाबाहेर आज त्यांचा पुतळा आहे आणि आतल्या एका स्टँडला त्यांचे नाव आहे.