खपलीवाले दाजी

लग्नात आमच्या दाजींना मांडवात शोधू नका, आचाऱ्याकडं जा. तिथं ते बर्नरवरची काळी खपली नखानं उकरत उभे असतात. "साधं लोखंड, म्हणून सोलपटतंय. यात निकेल-क्रोमियम असतं ना…" आचारी मान डोलावतो आणि भजी तळतो.

गाव सातारा, नोकरी सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, जीव निकेलच्या मिश्रधातूंत. साताऱ्याहून रेल्वेत बसले की किर्लोस्करवाडीपर्यंत शेजारच्याला कळलेलं असतं, की 1910 साली इथल्या माळावर लक्ष्मणरावांनी कारखाना काढला. पुढं मूळ विषय: तापल्यावर धातू ऑक्साइड धरणारच, तो चिकटून बसतो की सुटतो एवढंच बघायचं. सांगलीचं तिकीट असलेला माणूस भिलवडीला उतरताना मी पाहिलाय.

ताईची कॉइलची शेगडी तुटली, तो दाजींचा दिवाळसण. कॉइल म्हणजे नायक्रोम, ऐंशी टक्के निकेल, वीस टक्के क्रोमियम. नखाएवढा तुकडा रेझिनमध्ये बसवला, खरखरीत एमरीवरून बारीक एमरीवर, शेवटी हिऱ्याच्या पेस्टवर, आरशासारखा होईतो घासला. या माणसानं घरातलं एक भांडं कधी घासलेलं नाही!

मग शिवाजी विद्यापीठात, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर. ऑक्साइडमधून वीज वाहत नाही, इलेक्ट्रॉन साचतात नि चित्र भगभगतं. म्हणून तुकड्यावर सोन्याचा अगदी पातळ मुलामा.

"तुटक्या तारेला सोनं," ताई म्हणाली, "आणि मला दर पाडव्याला 'पुढच्या वर्षी बघू'!"

मोबाइलमध्ये आता पोरांच्या फोटोंआधी एक करडी पट्टी दिसते. "हा क्रोमियमचा ऑक्साइड. जाडी काही मायक्रॉन, आपला केस सत्तरच्या आसपास! एवढ्याशा थरानं लालबुंद तार राखली. अन् ही भेग बघ. तुझ्या ताईनं सारखं चालू-बंद केलं. तापतं, निवतं, खपली सुटते. नवी धरायला आतलं क्रोमियम खर्ची पडतं. ते संपलं की खेळ खलास."

"मग काय रात्रंदिवस चालू ठेवू? बिल तुमचं निकेल भरणार?"

दाजी यावर गप्प. लाइट बिलाला त्यांच्या मायक्रोस्कोपखाली उत्तर नाही.

माणूस मात्र लाख. तुमच्याकडं तुटकी कॉइल असेल तर भंगारात घालू नका, दाजींना कळवा. कंदी पेढे घेऊन स्वतः न्यायला येतील. फक्त दोन तास मोकळे ठेवा.